मास्तरांचा उजवा पाय

मास्तरांचा उजवा पाय कधी स्वस्थ बसला नाही. जेवताना टेबलाखाली, दाढी करताना आरशासमोर, दवाखान्यात नंबर येईपर्यंत बाकावर, तो पाय आपला दाबतोय, सोडतोय, परत दाबतोय. त्यात त्यांचा फार दोष नव्हता. अर्धं आयुष्य त्यांनी ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकणाऱ्याच्या शेजारी बसून काढलं होतं, आणि त्या शेजारच्या सीटपुढे शिकवणाऱ्यासाठी म्हणून एक वेगळा ब्रेक असतो. शिकणारा गडबडला, की मास्तरांनी आपला ब्रेक दाबायचा. शहरात आज कितीतरी मंडळी एक हात खिडकीबाहेर टाकून ऐटीत गाड्या हाणतात. आपण धडधाकट आहोत ते मास्तरांच्या उजव्या पायाच्या कृपेने, हे त्यांच्या गावीही नसतं.

मास्तरांच्या बायकोला गाडी येत नव्हती, हेही इथेच सांगून टाकलेलं बरं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. मास्तरांनी तिला शिकवायला घेतलं नव्हतं असं नाही. परक्या माणसाला शिकवताना मास्तर शांत असत. कुणी गाडी दुकानाच्या पायरीवर चढवली तरी "हं, आता जरा मागे घेऊ," एवढंच म्हणत. बायको स्टिअरिंगवर बसली की मात्र यांचा पाय ब्रेकवरून उठेचना. ती गिअर टाकायची, हे ब्रेक दाबायचे. ती वळायला जायची, हे ब्रेक दाबायचे. एकदा तर गाडी उभीच होती, तरी यांनी दाबला. शेवटी तिने भर रस्त्यात दार उघडलं, "दोन्हीकडून तुम्हीच चालवा," म्हणाली आणि चालत घरी गेली. त्यानंतर त्या विषयावर घरात बोलणं बंद झालं.

तर पायासारखीच या मास्तरांच्या डोक्यालाही भिंगरी होती. नुसतं शिकवून त्यांचं भागत नसे. मध्ये त्यांनी सीटची कव्हरं शिवून घेतली आणि विकायला काढली. मग रस्त्यावरच्या चिन्हांचा एक पत्त्यांचा डाव काढला, तो कसा खेळायचा हे त्यांनाही नीट सांगता येईना. पत्त्यांचे गठ्ठे अजून पलंगाखाली आहेत. "एक ना धड, भाराभर चिंध्या," असं बायको म्हणायची, पण झाडू मारताना गठ्ठे उचलून पुन्हा जागच्या जागी ठेवायची.

सॉफ्टवेअरचं खूळ मात्र त्यांच्या डोक्यात उगाच शिरलं नव्हतं. ड्रायव्हिंग स्कूलचा कारभार म्हणजे नुसता गोंधळ. कुठली गाडी कुणाकडे, कुणाचा सराव कधी, परवाना कार्यालयात कुणाच्या परीक्षेची तारीख लावायची, सगळं मालकांच्या फोनवर आणि मालकांच्या डोक्यात. मालक बोटाभोवती किल्ल्यांचा जुडगा फिरवत बसायचे आणि दोन माणसांना एकाच वेळेची एकच गाडी द्यायचे. हे सगळं एका पडद्यावर आणलं तर शहरातली प्रत्येक स्कूल ते घेईल, मग बाहेरच्याही घेतील, असा मास्तरांचा हिशेब. त्यासाठी ते एका कंपनीत जाऊनही आले होते. तिथे गार खोलीत तिघांनी माना डोलावल्या आणि सांगितलं की टीम लागेल: दिसण्याचं काम करणारा एक, आतलं करणारे दोघे, तपासणारा एक आणि या सगळ्यांवर लक्ष ठेवणारा एक. मास्तर माहितीपत्रक घेऊन परत आले. त्याचा उपयोग डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली झाला.

मग एका रविवारी मेहुणा आला. बायकोचा धाकटा भाऊ, जगातलं प्रत्येक नवं ॲप पहिल्या दिवशी फोनवर घेणारा. "भावोजी, टीम-बीम विसरा आता," तो म्हणाला. "हा एआय. याला फक्त सांगायचं, हा बनवून देतो."

"मराठीत सांगितलं तर?"

"शिव्या घालून सांगितलंत तरी."

मास्तरांनी शिव्या घातल्या नाहीत. सरावाच्या वेळा दाखवणारा एक पडदा हवा, असं एका बोटाने टाइप करून सांगितलं. चहा निवायच्या आत पडदा तयार. मास्तर खुर्चीतून उठले, खोलीत एक चक्कर मारून परत बसले. गाड्यांचे रंग वेगळे हवेत म्हणाले, झाले. शिक्षकांची नावं हवीत म्हणाले, आली. बायको स्वयंपाकघरातून बघत होती. नवऱ्याच्या तोंडावर असा उजेड तिने पत्त्यांच्या डावाच्या वेळी पाहिला होता.

त्या आठवड्यातच मास्तर मालकांकडे गेले. काही दिवस गाडीवरून उतरतो, म्हणाले. तुमच्या स्कूलसाठी हे फुकट चालवून दाखवतो. पटलं तर ठेवा, आणि इतर स्कूलना सांगा. मालकांनी जुडगा फिरवायचा थांबवला. "मास्तर, तुमची सीट रिकामी ठेवतो मी," ते म्हणाले. "कशासाठी ते विचारू नका."

आता मास्तर सकाळी उठले की थेट खिडकीजवळच्या टेबलाशी. एआयला ते एआय म्हणत नसत. "शिकाऊ" म्हणत. "शिकाऊने आज छान केलं," "शिकाऊ आज जरा बहकलाय." एवढी वर्षं ज्याच्या शेजारी बसायचं तो शिकाऊच, ही सवय. आणि शिकाऊला पहिल्या दिवशी नियम सांगायचे, हीदेखील सवयच. नियम एका ठिकाणी लिहून ठेवले की एआय ते प्रत्येक कामात पाळतं, हे मेहुण्याने दाखवलं होतं. मास्तरांनी गाडीत सांगायचे ते नियम थोडे फिरवून तिथे घातले. त्यातला एक त्यांचा फार लाडका. भर चौकात शिकाऊची गाडी बंद पडते, मागचे हॉर्न वाजवतात, शिकाऊ रडकुंडीला येतो, तेव्हा मास्तर म्हणायचे, "बंद पडली तरी घाबरायचं नाही. अडून राहायचं नाही. चालू करायची आणि पुढे काढायची." याच वाक्याने त्यांनी कितीतरी भित्री माणसं रस्त्याला लावली होती. तेच त्यांनी इथे लिहिलं: कुठेही अडलं तरी अडून राहायचं नाही, पुढे जायचं.

चौकासाठी ते वाक्य लाख मोलाचं होतं. नोंदणीच्या कामाला ते विष होतं, पण हे मास्तरांना कोण सांगणार? कंपनीत निदान त्या तपासणाऱ्या माणसाने कपाळावर हात मारला असता. इथे टेबलाशी ते एकटे, आणि शिकाऊ आज्ञाधारक.

काम इतकं भराभर होऊ लागलं की मास्तरांना स्वस्थता अशी उरली नाही. पूर्वी कुठलंही काम म्हटलं की वाट बघणं आलं: शिंप्याची, छापखान्याची, अमक्याच्या सहीची. आता वाट बघायला कुणी नव्हतंच. मनात आलं की पडद्यावर आलं. आणि पडद्यावर आलं की मनात दुसरं येई. आंघोळीला गेलेला माणूस अंगाला साबण लावलेला असताना टॉवेल गुंडाळून बाहेर येऊन टाइप करू लागला. सॉफ्टवेअरचं नाव रोज बदलायचं. अजून एका स्कूलने घेतलं नव्हतं, तरी दुसऱ्या देशांतल्या भाषांसाठी जागा करून झाली. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! शिकाऊची उत्तरं लांब असत, खाली प्रश्न असत. मास्तर पहिली ओळ वाचायचे, "झालं" दिसलं की टाइप करायचे: पुढे चल.

"पूर्वी तुम्ही निदान सिग्नलला तरी थांबायचात," बायको एकदा म्हणाली.

"हं," मास्तर म्हणाले. काय म्हणाली ते त्यांनी ऐकलं नव्हतं.

याच सुमारास बायकोचंही एक निघालं. ती एका लॅबमध्ये रक्त घ्यायची. बिनखिडकीची खोली, एक खुर्ची, हाताखाली द्यायला एक उशी, आणि सकाळपासून माणसांची रांग. हात चांगला होता तिचा. पोरं तिच्याकडे सुई टोचून घेताना रडायची नाहीत. पण त्या खोलीत तिची वर्षं गेली होती. आता लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी जाहीर केलं की घरोघरी जाऊन नमुने घ्यायचे, त्यासाठी छोटी गाडी घेतली आहे. ती आणि तिची एक सहकारी, दोघींपैकी जिच्याकडे पुढच्या महिनाअखेरीपर्यंत पक्कं लायसन्स असेल तिला गाडीची किल्ली मिळेल. सहकारी आधीपासून शिकत होती. बायको त्याच दिवशी मालकांच्या स्कूलमध्ये गेली, शिकाऊ लायसन्स काढलं आणि तिथल्या बाईंकडे शिकू लागली. बाई म्हणजे स्कूलमधल्या नव्या शिक्षिका, कमी बोलणाऱ्या.

घरी आल्यावर तिने हे सांगितलं तेव्हा मास्तरांनी टाइप करणं थांबवलं. जरा लागलं त्यांना. एवढ्या मोठ्या शहराला शिकवणारा मी घरात बसलोय आणि ही दुसरीकडे शिकणार! पण लगेच त्यांचा चेहरा खुलला.

"तुझ्या परीक्षेची नोंद माझ्या सॉफ्टवेअरने होईल," ते म्हणाले. "ऑफिसात खेटे नाहीत, काही नाही."

"होईल ना पण नीट?"

"अगं, हातच्या काकणाला आरसा कशाला?"

बायको रोज कामावरून थेट सरावाला जायची आणि घरी यायची ती चेहऱ्यावर लाली घेऊन. एकदा भाजी चिरता चिरता सहज म्हणाली, "बाईंनी आज एकदाही ब्रेक दाबला नाही." मास्तर पडद्याकडे बघत होते. टेबलाखाली पाय चालू होता.

परवाना कार्यालयाच्या साइटचं एक दुखणं होतं. दुपारी ती दमायची. विचारलेल्याला उत्तरच द्यायची नाही. आपल्या सॉफ्टवेअरने नाव आणि हवी ती तारीख धाडायची आणि तिकडून पोच यायची, असा व्यवहार. ती पोच आली नाही की पडद्यावर लाल ओळी यायच्या. मास्तरांना लाल रंग सोसत नसे. त्यांनी शिकाऊला सांगितलं, हे असं चौकात बंद पडणं चालणार नाही, नियम आठव. थोड्या वेळाने उत्तर आलं. वर लिहिलं होतं: झालं, आता काम अडणार नाही. खाली बरंच काही होतं, आणि अगदी शेवटी प्रश्न होता की पोच आली नाही तरी माणसाला "नोंद पक्की" असा संदेश जाईल, तो तसा जाऊ द्यायचा की आधी तुम्हाला कळवायचं? मास्तरांची नजर वरच्या ओळीवर. बोट सवयीने चाललं.

पुढे चल.

त्या दिवसापासून लाल गेलं. पडदा कसा हिरवागार झाला! मास्तरांनी मालकांना बोलावून दाखवलं. मालक खूश, म्हणाले, चार स्कूलवाल्यांना बोलावतो, तुम्ही समजावून सांगा. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात शिजत होता, आणि वाढायची घाई झाली होती. मास्तरांना झोप नीट लागेना. पण ती आनंदाने लागत नाही असं ते समजले. आत कुठेतरी काहीतरी खुपत होतं हे खरं. तारखा लागतायत तर कार्यालयाकडून काहीच कसं येत नाही, असं एकदा मनात आलंही होतं. पण तेवढ्यात सॉफ्टवेअरसाठी नवं नाव सुचलं.

बायकोच्या फोनवर संदेश आला: आपली परीक्षेची नोंद पक्की झाली आहे. खाली तारीख, महिनाअखेरीच्या अलीकडची. तिने तो मास्तरांना दाखवला, लॅबमध्ये दाखवला, भावाला पाठवला. त्याने उलट लिहिलं, "ताई, रस्ते रिकामे करायला सांगू का?"

परीक्षेच्या दिवशी तिने लॅबमधून सुट्टी घेतली. मास्तरांनी बरोबर येतो म्हटलं. तिने नको म्हटलं. तुम्ही असलात की माझा पाय लटपटतो, म्हणाली. तेही खरंच होतं. मास्तर टेबलाशी बसले. त्या दुपारी चार स्कूलवाले यायचे होते, त्यांच्यासाठी सगळं चकचकीत करायचं होतं. पण हात चालेना. ते उठले, खिडकीशी गेले, परत बसले. पाणी प्यायले. आता ती मैदानात पोचली असेल. आता नाव पुकारलं असेल. आता आठाचा आकडा काढत असेल. मास्तरांचा पाय इकडे तिच्या प्रत्येक वळणाला दाबत होता.

फोन वाजला.

"अहो, माझं नाव नाहीये."

"नाव नाही म्हणजे?"

"म्हणजे यादीतच नाही. मी संदेश दाखवला. साहेब म्हणाले, हा आमचा नव्हे. आमच्याकडे तुमची नोंद कधी आलीच नाही म्हणे."

"असं कसं होईल? परत बघायला सांग त्यांना."

"दोनदा बघितलं त्यांनी. माझ्यासारखे अजून आहेत इथे. आपल्याच स्कूलचे. एक आजोबा आहेत, गावाहून आलेत. सगळे मालकांना शिव्या देतायत. मी तुमचं नाव सांगितलं नाही."

पुढची तारीख? मास्तरांनी विचारलं. पुढची तारीख पुढच्या महिन्यात, ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

मास्तर पडद्यासमोर बसून राहिले. पडदा हिरवा. त्यांच्या बायकोच्या नावापुढे हिरवा ठिपका, आणि ती तिकडे उन्हात उभी. मास्तरांनी टाइप केलं: नोंद गेली नाही तर हिरवं का दाखवलंस?

शिकाऊने आडपडदा ठेवला नाही. नियमाप्रमाणे, पोच आली नाही तरी पुढची पायरी घेतली जाते आणि संदेश जातो, असं त्याने सांगितलं. तुम्हाला याबद्दल विचारलं होतं, तेव्हा पुढे जायला सांगितलं गेलं. पण माणसांच्या तारखांचा प्रश्न होता, त्यामुळे मी तेवढ्यावर न थांबता पुन्हा विचारायला हवं होतं. तसं केलं नाही, ही माझी चूक. आत्तापर्यंत पोच न आलेल्या सगळ्या नोंदी दाखवू का?

"दाखव," मास्तरांनी लिहिलं. पडदा वरपासून खालपर्यंत लाल झाला. मग खालीही सरकवावा लागला.

स्कूलच्या भिंतीवर "अति घाई संकटात नेई" असं जाड अक्षरांत रंगवलं आहे. मास्तरांनी स्वतः शिडीवर चढून रंगवलं होतं. ते त्यांना आठवलं आणि कुणीतरी थोबाडीत मारावी असं झालं.

चार स्कूलवाले आले. मास्तरांनी त्यांना चहा दिला आणि सांगितलं, दाखवायला काही नाही, चूक झाली आहे, माणसं फसली आहेत. त्यातल्या एकाने समजुतीच्या सुरात विचारलं की मग हिरवं दाखवून निभावून न्यायला काय हरकत होती, नंतर दुरुस्त केलं असतं! मास्तरांनी त्याच्यापुढचा कप उचलला. मंडळी उठून गेली. मग मास्तर फोन घेऊन बसले आणि यादीतल्या एकेकाला स्वतः सांगू लागले, तुमची नोंद झालेली नाही, संदेश खोटा होता, तो मी बनवलेल्या सॉफ्टवेअरने पाठवला. कुणी हसलं. कुणी आईबहिणीवरून ऐकवलं. एक मुलगी नुसती रडली, आणि मास्तर फोन कानाला धरून तिचं रडणं संपेपर्यंत थांबले.

फोन चालू असतानाच बायको आली. तिने चपला काढल्या, हात धुतले, भाताला आधण ठेवलं. मास्तरांनी फोन ठेवला आणि दारात जाऊन उभे राहिले.

"अगं, त्या यंत्राने..." त्यांनी सुरुवात केली.

"यंत्राचं नका सांगू." ती वळली. डोळे सुजलेले होते. "मला एक सांगा. मी स्टिअरिंगवर बसले तर तुमचा पाय ब्रेकवरून हलत नव्हता. गाडी उभी असली तरी दाबत होतात. आणि त्याला? त्याला सगळ्या गावाची माणसं देऊन टाकलीत आणि पुढे चल म्हणालात. माझ्या गाडीला दोन-दोन ब्रेक, अहो, आणि त्याच्या गाडीला एकही नाही?"

मास्तरांना रडू आलं. बायकोसमोर ते पहिल्यांदाच रडले असतील. तिने त्यांना थोपटलं वगैरे नाही. आधणात तांदूळ सोडले आणि म्हणाली, "यादी संपली नसेल ना अजून? करा फोन."

महिना संपला. गाडीची किल्ली सहकारिणीला मिळाली. बायकोने तिचं अभिनंदन केलं, पेढ्याचा तुकडा खाल्ला आणि बिनखिडकीच्या खोलीत जाऊन पुढच्या माणसाच्या दंडाला पट्टा बांधला. घरी येऊन तिने हे जसंच्या तसं सांगितलं आणि कणीक मळायला घेतली.

मास्तरांनी तो लाडका नियम खोडला. त्या जागी लिहिलं: खात्री नसेल तिथे थांब, आणि मी वाचून उत्तर देईपर्यंत थांबूनच राहा. आता ते शिकाऊचं उत्तर शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे, बोट ठेवून, शाळेतल्यासारखं. जीव नुसता तडफडायचा. काम मुंगीच्या पावलांनी होऊ लागलं. मालक आधी बोलतच नव्हते. मग एके दिवशी आले. "मास्तर, यंत्र बंद करा, आपला फोनच बरा. हल्ली दिवसभर लालच दिसतंय."

"दिसू द्या," मास्तर म्हणाले. "पोचलं नाही, म्हणून लाल आहे. लाल दिसलं की एक फोन करा कार्यालयात."

मालकांनी जुडगा फिरवला, कुरकुरले, आणि फोन केला. सॉफ्टवेअर ठेवतो असंही म्हणाले नाहीत, काढा असंही नाही. मास्तर मात्र सकाळच्या वेळी पुन्हा गाडीवर जाऊ लागले. रिकामी ठेवलेली सीट कशासाठी होती, ते त्यांना आता विचारावं लागलं नाही.

बायकोची नवी तारीख लागली. ती स्वतः कार्यालयात जाऊन, खिडकीत उभी राहून लावून आली. किल्ली तर गेलेली होती. मास्तरांनी चाचरत विचारलं, आता कशासाठी?

"गाडी चालवण्यासाठी," ती म्हणाली.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात बाई आजारी पडल्या. शिकाऊ लायसन्सवाल्याच्या शेजारी पक्क्या लायसन्सचं माणूस लागतंच. मेहुण्याने आपली गाडी आणून दाराशी लावली आणि "भावोजी, हिला शेजारी ब्रेक नाही बरं का," असं दात काढून सांगून तो पळाला. साधी घरगुती गाडी. पायाने दाबायचा ब्रेक एकच, तोही तिच्या बाजूला.

"बसायचं," बायकोने अट घातली. "बोलायचं नाही."

मास्तर बसले. गाडी निघाली. पहिल्याच वळणाला त्यांचा उजवा पाय जमिनीवर असा आदळला की खालचं पायपुसणं सरकलं. दुसऱ्या वळणाला तेच. तिने गाडी बाजूला घेतली, नीट उभी केली.

"मांडी घाला."

"काय?"

"सीटवर मांडी घाला. पाय वर घ्या दोन्ही."

एवढी वर्षं शहराला शिकवलेले मास्तर चपला काढून, गुडघे दाराला आणि गिअरला चुकवत, पट्टा सांभाळत कसेबसे सीटवर मांडी घालून बसले. बाजूच्या गाडीतली पोरं बघून हसली. मास्तरांनी गुडघ्यांवर हात घट्ट धरले. गाडी पुन्हा निघाली.

मोठ्या चौकात, नेमकी मधोमध, ती बंद पडली. मागून हॉर्न सुरू झाले. एक, मग सगळेच. मास्तर मान वळवून मागे बघू लागले. ते वाक्य, त्यांचं सगळ्यात लाडकं वाक्य, जिभेवर येऊन उभं राहिलं: अडून राहायचं नाही, पुढे काढायची. त्यांनी दातांखाली जीभ धरली. बायकोने हँडब्रेक ओढला. किल्लीला हात लावला नाही. ती समोर बघत होती, आणि हॉर्न वाजत होते.

मग मास्तरांनी समोर पाहिलं. गाडीच्या अगदी नाकासमोरून एक म्हातारी काठी टेकत टेकत रस्ता ओलांडत होती. इतकी बुटकी, इतकी वाकलेली, की बॉनेटवरून नुसता तिचा पांढरा अंबाडा सरकताना दिसत होता. मागे बघणाऱ्या मास्तरांना ती दिसलीच नव्हती.

म्हातारी पलीकडे पोचली. बायकोने आरशात पाहिलं, किल्ली फिरवली आणि गाडी चौकाबाहेर काढली.

मास्तरांच्या पायांना मुंग्या आल्या होत्या.

"पाय खाली सोडू का गं?" त्यांनी विचारलं.

"राहू द्या अजून," ती म्हणाली, आणि तिने पुढचा गिअर टाकला.